चिंगीचा ताप

पाथर्डी फाट्याजवळच्या त्या तीन मजली इमारतीत कुणाचं अंग नुसतं कसकसलं, तरी पहिली बेल वाजायची ती पहिल्या मजल्यावर गांगुर्डे सिस्टरांच्या दाराची. सरिता गांगुर्डे हे नाव पाटीवर होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. त्या सगळ्यांच्या सिस्टर. तेहतीस वर्षं सरकारी नोकरी, त्यातली निम्म्याहून जास्त पेठ आणि सुरगाण्याच्या डोंगरात. बाळंतपणं केली, लसी टोचल्या, कुटुंब नियोजनाच्या शिबिरांना बायका समजावून आणल्या. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी सिन्नरला दिलेली. निवृत्तीनंतर दिवस रिकामा जाऊ नये म्हणून असेल किंवा सवय सुटत नाही म्हणून असेल, सिस्टरांनी टेबलावर बीपीचं मशीन, थर्मामीटर आणि एक डबाभर औषधं तशीच मांडून ठेवली होती. लोक येत. बीपी बघून घेत, इंजेक्शन टोचून घेत, जाताना म्हणत, "सिस्टर, तुमचा हात लागला की निम्मं बरं वाटतं."

सिस्टरांना ते आवडायचं. त्या वरवर "चला, काहीतरीच," म्हणत, पण आवडायचं.

वरच्या मजल्यावर सावळीराम बच्छाव राहायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. मूळचे सटाण्याकडचे, जन्म कांद्याच्या शेतीत गेलेला. बायको गेल्यावर मुलगा हर्षल त्यांना नाशिकला घेऊन आला आणि वर्षभरात त्याचीच बदली दुसऱ्या शहरात झाली. नाना म्हणाले, मला आता तिसऱ्या गावी नेऊ नका. मग ते इथेच राहिले. नात आरोही पुण्याला कॉलेजच्या होस्टेलमध्ये गेली तेव्हा तिने दिवाळीच्या सुट्टीत एक मांजरीचं पिल्लू आणून आजोबांच्या हवाली केलं. करड्या रंगाचं, पांढऱ्या पायांचं. चिंगी. आधी नाना कुरकुरले. महिन्याभरात त्यांचं अख्खं वेळापत्रक चिंगीच्या दुधावर आणि झोपेवर चालायला लागलं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी नाना सिस्टरांच्या दारात आले. छातीशी टॉवेलमध्ये गुंडाळलेली चिंगी. ती अशा काही आवाजात ओरडत होती की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं गेलं.

"सिस्टर, दोन दिवसपाईन अशीच वरडी ऱ्हायनी," नाना म्हणाले. घाबरले की त्यांच्या बोलण्यात अहिराणी यायची. "खात नही. जमिनीवर लोळस, मागलं अंग वर करस."

सिस्टरांनी त्यांना आत घेतलं. टॉवेल सोडला. चिंगी टेबलावर आडवी पडली, अंग घासलं, पुन्हा ओरडली.

नाना खिडकीकडे बघत, आवाज उतरवून म्हणाले, "गाय माजवर येस ना, तशी तं नही ना?"

सिस्टरांना ते बोलणं कसंतरीच वाटलं. एक तर शेजारच्या पुरुषमाणसाने असं काही विचारावं, आणि त्यात ज्याने कधी पुस्तक उघडलं नाही त्याने निदान सांगावं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नाना, अहो सहा महिन्यांचं लेकरू आहे ते. माजावर कुठलं येतंय! पोटात दुखतंय तिला."

सिस्टरांना माहीत असेल, असा नानांचा चेहरा झाला.

सिस्टरांनी डब्यातला दुसरा थर्मामीटर काढला, शेपटीखालून लावला. नानांनी चिंगीला धरून ठेवलं. आकडा आला एकशे एक पॉइंट आठ. सिस्टरांनी भुवया उंचावल्या. मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवून नाडी पाहिली. ती इतकी भरभर पळत होती की मोजताना दोनदा चुकल्या. एकशे ऐंशीच्या आसपास. श्वास अठ्ठावीस. त्यांच्या आयुष्यात असे आकडे ज्यांचे ज्यांचे आले होते, त्यांना त्यांनी रुग्णवाहिका मागवून नाशिकला पाठवलं होतं.

"चांगलाच ताप आहे," त्या म्हणाल्या. "बरं झालं आणलीत."

आणि मग त्यांनी जे केलं ते अगदी नीट केलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चिंगीला तोललं, अडीच किलो भरली. लहान मुलांचं तापाचं औषध डब्यात होतंच. किलोला पंधरा मिलिग्रॅम हा हिशेब त्यांना झोपेतही यायचा. सिरिंजमध्ये बरोबर दीड मिली घेतलं, गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू सोडलं. चिंगीने तोंड वाकडं केलं, लाळ गाळली. दुपारी चार वाजता सिस्टर वर गेल्या, पुन्हा ताप पाहिला. एकशे दोनला थोडा कमी. पुन्हा दीड मिली.

संध्याकाळी ओरडणं थांबलं. जिन्यात भेटले तेव्हा नानांनी हात जोडले. "गुण उना, सिस्टर. शांत पडेल शे."

"सांगितलं होतं ना," सिस्टर म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी त्या आपणहूनच वर गेल्या. चिंगी सोफ्याखाली होती. नानांनी तिला बाहेर काढलं. ती मऊ पडली होती, काही विरोध नाही. सिस्टरांनी थर्मामीटर लावला. सत्त्याण्णव पॉइंट आठ.

"उतरला की ताप!" त्या म्हणाल्या. खरोखर आनंदाने म्हणाल्या. हे वाक्य पुढे कित्येक दिवस त्यांच्या कानात वाजत राहायचं होतं.

नाना मात्र चिंगीचं तोंड बघत होते. "सिस्टर, हिचं थोबाड सुजेल दिसस. आन् हिरड्या बघा."

सिस्टरांनी चष्मा सारखा केला. गाल आणि हनुवटी फुगली होती, पंजेही. हिरड्यांचा गुलाबी रंग जाऊन त्या मातकट तपकिरी झाल्या होत्या. पोट भात्यासारखं हलत होतं. एवढं सिस्टरांना कळत होतं: रक्ताचा रंग असा झाला म्हणजे ते प्राणवायू नेत नाहीये. ते कशामुळे, हे त्यांना कळत नव्हतं, आणि तरीही पोटात कुठेतरी कळलं होतं.

इंदिरानगरमध्ये प्राण्यांचा एक छोटा दवाखाना होता. रिक्षाने दोघं तिथे पोहोचले. डॉक्टर तिशीतली मुलगी होती, तेजस्विनी देवरे. तिने चिंगीला टेबलावर घेतलं, हिरड्या पाहिल्या आणि आधी ऑक्सिजनची नळी तिच्या तोंडाशी धरली. मग ताप बघितला.

"खूप कमी आहे," ती म्हणाली.

"काल एकशे दोन होता," नाना म्हणाले. "आज उतरना."

"बाबा, मांजराचा एकशे दोन म्हणजे ताप नव्हे. साधारण शंभरपासून एकशे दोन पॉइंट पाचपर्यंत त्यांचं नॉर्मलच असतं. आपलं अठ्ठ्याण्णव म्हणजे त्यांना अंग गार पडणं." डॉक्टर बोलता बोलता चिंगीला गरम कपड्यात गुंडाळत होती. "नाडी कुणी बघितली होती का?"

"एकशे ऐंशी होती. श्वास अठ्ठावीस," सिस्टर म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला.

"अगदी ठीक. मिनिटाला एकशे चाळीस ते दोनशेवीस ठोके, श्वास वीस ते तीस. म्हणजे काल सकाळपर्यंत मांजर ठणठणीत होती." तिने मान वर करून विचारलं, "तुम्ही?"

नानांचा चेहरा तशातही अभिमानाने उजळला. "ह्या आमन्या सिस्टर शेतस. तेहतीस वरीस सरकारी दवाखान्यात होत्या."

"अच्छा. मग मला सांगा, हिला काही औषध दिलं होतं का? पॅरासिटामॉल वगैरे? हे सगळं त्यासारखं दिसतंय. मांजराला ते विष आहे, अगदी थोडंसुद्धा."

बाहेरच्या बाकावर कुत्र्याला घेऊन एक बाई बसली होती, ती दारातून बघत होती. नाना सिस्टरांकडे बघत होते. टेबलावर चिंगीचं पोट वरखाली होत होतं. सिस्टरांनी तोंड उघडलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही नाही दिलं."

शब्द बाहेर पडला आणि परत घेता येईना. नाना क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. औषधाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण सिरिंज त्यांनी पाहिली होती, चिंगीला त्यांनीच धरलं होतं, दोन्ही वेळा. त्यांना कळलं. सिस्टरांना दिसलं की त्यांना कळलंय.

"मग कांदा-लसूण?" डॉक्टर विचारत होती. "कांद्यानेही मांजराचं रक्त खराब होतं. पण त्याने चेहरा असा सुजत नाही…"

नानांनी मान खाली घातली. "घरमा कांदा पडेल शेतस," ते म्हणाले. "गावाकडून पोतं येस. तिनी खाई लिधा व्हई. मनीच चूक, डॉक्टर."

"बाबा, मांजर पाळायची तर एवढं तरी विचारून घ्यायचं कुणाला," डॉक्टर म्हणाली. रागाने नाही, पण म्हणाली. ज्या माणसाने जन्मभर कांदा पिकवला, त्याने तो बोल मुकाट ऐकून घेतला. "हो, चुकलं," एवढंच बोलला.

सिस्टर बाहेर आल्या. कुत्रेवाल्या बाईने बाकावर जागा करून दिली, पण त्या बसल्या नाहीत. रस्त्यावर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. त्यांनी स्वतःला समजावायचा प्रयत्न केला: डॉक्टर उपचार करतेच आहे, कारण कळून काय फरक पडणार, ऑक्सिजन तोच, सलाईन तेच. पण त्या नर्स होत्या. विषाचं नाव कळलं की उतारा कळतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आणि तिथे उभ्या असताना त्यांना चिमणाबाई आठवली. पेठच्या बाजूची, वाडीवरून सात किलोमीटर चालत आलेली. कडेवर पोर, पोराचं अंग निळसर. पोराला बाजारातल्या दुकानातून घेतलेली कसलीशी गोळी दिली होती. सिस्टरांनी तिला रांगेतल्या चाळीस माणसांसमोर झापलं होतं. "अक्कल गहाण ठेवली होती का? कुणाला विचारून दिलीस?" आणि चिमणाबाई रडत होती, पण बोलत होती. कुठली गोळी, किती, कधी, पदराच्या गाठीतून उरलेली अर्धी गोळी काढून तिने सिस्टरांच्या हातावर ठेवली होती. "मीच दिली बाई. माझे हातानं दिली." ती गोळी बघूनच मोठ्या डॉक्टरांना पुढचं सुचलं होतं. पोर वाचलं. सिस्टरांना त्या दिवशी पोर वाचल्याचं श्रेय मिळालं होतं, आणि चिमणाबाईचं कुणी एका शब्दानं कौतुक केलं नव्हतं. शिक्षण नसलेली ती बाई चाळीस माणसांत खरं बोलली होती. इथे तर तीनच माणसं होती.

साधारण वीस मिनिटं गेली असतील. सिस्टर पुन्हा आत गेल्या.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. नानांनी कांदा वगैरे काही दिला नाही. मी दिलं. लहान मुलांचं पॅरासिटामॉल. पाच मिलीत एकशे पंचवीसवालं. दीड मिली काल सकाळी नऊला आणि दीड मिली दुपारी चारला."

डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं. सिस्टरांना वाटलं, आता ही बोलेल. बोलली असती तर बरंच झालं असतं. पण तिने फक्त घड्याळ बघितलं.

"अठरा तास झाले दुसऱ्या डोसला. उतारा म्हणून ॲसिटिलसिस्टिन लागेल. माझ्याकडचं संपलंय. माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं, तुम्हाला माहीत असेल. पळत जा."

सिस्टर बासष्ट वर्षांच्या होत्या आणि गुडघे दुखायचे. तरी त्या पळाल्या. पहिल्या दोन दुकानांत नव्हतं. तिसऱ्यात मिळालं. परत आल्या तेव्हा पदर खांद्यावरून घसरला होता आणि दम लागून बोलता येत नव्हतं. डॉक्टरने औषध भरता भरता म्हटलं, "बाळासाठी तुमचा डोस बरोबरच होता. मांजराचं लिव्हर ते औषध पचवून बाहेर टाकू शकत नाही, इतकंच. खूप जण चुकतात. पण विचारल्यावर सांगतात."

शेवटचं वाक्य तिने अगदी सहज म्हटलं.

दिवसभर त्या तिथेच होत्या. डॉक्टरने त्यांना काम लावून दिलं: दर दहा मिनिटांनी श्वास मोजून कागदावर लिहायचा. नाना बाजूला बसले होते. दुपारी नानांनी दोन चहा आणले आणि एक त्यांच्यासमोर ठेवला.

"नाना, तुम्ही का आपल्या अंगावर घेतलंत?" सिस्टरांनी विचारलं.

नानांनी चहावर फुंकर घातली. "तुमचा चेहरा बघवेना," ते म्हणाले.

यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर सिस्टरांना सोसल्या असत्या.

चिंगी तीन दिवस दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी हिरड्यांवर फिका गुलाबी रंग आला, तिसऱ्या दिवशी तिने थोडं उकडलेलं चिकन चाटलं. घरी सोडताना डॉक्टरने दोघांना समोर बसवलं. मुळात चिंगीला झालं काय होतं, ते सांगितलं. मांजर पाचव्या-सहाव्या महिन्यातच माजावर येते. तेव्हा ती ओरडते, लोळते, मागचा भाग उंचावते, खाणं कमी करते. बघणाऱ्याला वाटतं पोट दुखतंय. आठवडाभर चालतं. बोका मिळाला नाही तर बहुधा बीजच सुटत नाही, कारण मांजरीत ते साधारणपणे बोक्याशी संबंध आल्यावरच सुटतं. मग ती शांत होते आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. बोका मिळाला तर नऊ आठवड्यांत चार-पाच पिल्लं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते.

"म्हणजे नाना बरोबर होते," सिस्टर म्हणाल्या.

"कशाबाबत?" डॉक्टरने विचारलं.

"ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, माजावर आलीय म्हणून. मी त्यांना हसले."

नाना खिडकीतून बाहेर बघू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

अंगात रक्त भरलं की महिन्या-दीड महिन्याने ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं. कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत हजारो बायकांना सिस्टरांनी हेच सांगितलं होतं. इथे मात्र त्या वहीत एकेक शब्द उतरवून घेत होत्या आणि न कळलेलं दोनदा विचारत होत्या.

खरी पंचाईत पुढे झाली. नानांनी इमारतीत सांगून टाकलं की सिस्टरांनी पळत जाऊन औषध आणलं म्हणून चिंगी वाचली. लोक जिन्यात थांबवून कौतुक करू लागले. तळमजल्यावरची सविता म्हणाली, "सिस्टर, आमच्या टॉमीला दोन दिवस झाले खोकला आहे, जरा बघता का?"

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये भरली होती. पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर सिस्टर उठल्या. चौदा-पंधरा माणसं होती.

"चिंगीला मीच विषारी औषध दिलं होतं," त्या म्हणाल्या. "मला मांजराचं काही कळत नव्हतं, आणि नाही कळत असं म्हणवेना. वर डॉक्टरांशी खोटं बोलले. नाना मला झाकायला बघतात, पण झालं ते असं झालं. सविता, टॉमीला डॉक्टरांकडे ने. मी बघणार नाही."

एकाने घसा खाकरला. सविता म्हणाली, "होतं असं कधी कधी," पण ती पायाकडे बघत म्हणाली. त्या आठवड्यात बीपी बघायला नेहमीपेक्षा कमी लोक आले. दोघे तर नंतरही आलेच नाहीत. सिस्टरांनी डब्यातली औषधं काढून मेडिकलवाल्याकडे नेऊन दिली. टेबलावर फक्त बीपीचं मशीन राहिलं. भाजी आणायला जाताना त्या आधी गॅलरीतून जिना मोकळा आहे का ते बघायला लागल्या.

आरोहीला काय सांगायचं, हा प्रश्न नानांनी आपल्या पद्धतीने सोडवला होता: काहीच सांगितलं नव्हतं. सिस्टरांनीच तिचा नंबर मागितला. फोनवर सगळं सांगितलं. पलीकडे होस्टेलचा गलका होता. मग आरोही म्हणाली, "मला लेक्चर आहे," आणि फोन ठेवला.

ती मार्चच्या शेवटी आली, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. चिंगी तेव्हा पुन्हा ओरडून, लोळून आठवडाभरापूर्वी शांत झाली होती, आणि या वेळी नानांनी कुणालाही न विचारता खिडक्यांना जाळी लावून घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आरोही सिस्टरांच्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "औषधाचं मला कळलं. तुम्हाला माहीत नव्हतं. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात?"

सिस्टरांकडे उत्तरं होती. महिनाभर रात्रंदिवस त्यांनी ती घासूनपुसून ठेवली होती. घाबरले होते, गोंधळले होते, वाटलं होतं त्याने नसेल झालं. एकोणीस वर्षांची पोरगी उत्तराची वाट बघत होती.

"लाज वाटली म्हणून," त्या म्हणाल्या. "चिंगी समोर मरत होती आणि मला माझ्या अब्रूची पडली होती."

आरोहीने ओठ दाबले. डोळे भरून आले होते, ते तिने मनगटाने पुसले. जिन्यावरून नाना पिंजरा सांभाळत एकेक पायरी उतरत येत होते. आतून चिंगी वैतागून म्यांव म्यांव करत होती.

"मी नाही माफ केलेलं अजून," आरोही म्हणाली.

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

आरोहीने आजोबांच्या हातातून पिंजरा घेतला आणि खाली निघाली. चार पायऱ्या उतरून थांबली, मागे न बघता म्हणाली, "रिक्षात तिघं मावतात."

सिस्टरांनी दाराला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागोमाग उतरल्या.